डिकीत राहिलेली टोपली

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. इथे परदेशात, हॉर्नबीतल्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे दुधासाठीच्या मोठ्या स्टीलच्या टाक्या बनतात. त्यांचे सांधे तपासायचे आणि नापास असेल त्यावर खडूने फुली मारायची, एवढंच माझं काम. पंधरा वर्षं हेच केल्यावर घरी आलो तरी तो खडू हातातून सुटत नाही. गेल्या वर्षी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावर दहा-बारा फुल्या मारल्या असतील. आई, सालं त्या बिनमध्ये नाही, हिरव्या बिनमध्ये. आई, दार उघडायच्या आधी अलार्म बंद कर. आई, त्या शेगडीवर फुलका टाकायचा नसतो. ती "बरं" म्हणायची. आधी हसून म्हणायची, नंतर नुसतंच.

दुसऱ्या महिन्यात ती दुपारभर खिडकीपाशी बसून राहायला लागली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसायचं. बायको म्हणाली, "त्यांना कुठेतरी घेऊन जा ना. आणि मॉल सोडून कुठेतरी ने."

आईचं माहेर सावंतवाडीकडचं. अळंबीला ती अजून 'अळमी' म्हणते. सगळा संसार पुण्यात झाला, पण पावसाळ्यात वारुळाजवळ अळमी कशी वर येते, ती जागा शेजाऱ्यालाही कशी सांगायची नसते, उगवलेल्या अळमीकडे बोट का दाखवायचं नाही, हे सगळं ती कालच रानातून आल्यासारखं सांगते. त्यामुळे एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, मला जंगलातली मशरूम ओळखायला शिकवणाऱ्या एका फेरीची जाहिरात दिसली तेव्हा मी लगेच दोन जागा घेतल्या. आईला सांगितलं तेव्हा तिने कपाटातून कापडी पिशवी काढून धुऊन वाळत घातली. फेरीला चार दिवस होते.

शनिवारी सकाळी बायको मुलीला घेऊन नेटबॉलच्या मॅचला गेली आणि आम्ही दोघं गावाबाहेर तासाभरावरच्या पाइनच्या जंगलात पोचलो. थंडी होती. आईने पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जाकीट घातलं होतं, ते तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. आम्ही आठ जण होतो. वाट दाखवणारी बाई साठीची, गमबूट घातलेली, कमरेला चाकू लावलेली. "किया ओरा" असा इथला नमस्कार करून तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "माझा नियम एकच. मला दाखवल्याशिवाय एकही मशरूम घरी जाणार नाही. एकही नाही. स्वीट ॲज, ठीक आहे ना?"

आधी तिने आम्हाला गाड्या लावल्या होत्या तिथल्याच ओकच्या झाडांखाली नेलं. चाकूने माती उकरून तिने एक मशरूम मुळापासून वर काढलं. फिकट, थोडंसं हिरवट. देठाला कडं, टोपीखाली पांढऱ्या पात्या, आणि बुडाशी मातीत दडलेली एक पातळ पिशवी. डेथ कॅप. ती जवळजवळ दहा मिनिटं बोलली. म्हणाली, हे शिजवून विष जात नाही. चव छान लागते, ज्यांनी खाल्लं आणि जे वाचले त्यांनीच सांगितलंय. खाल्ल्यावर अर्धा दिवस काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी जाऊन चहा पितो, आणि तेवढ्यात आत यकृत संपत आलेलं असतं.

आईने माझी बाही ओढली. "काय म्हणतायत त्या?"

"हे विषारी आहे. हात लावायचा नाही," मी म्हणालो.

दहा मिनिटांचं भाषांतर मी एवढंच केलं. मला पुढचं ऐकायचं होतं.

"त्यांना सांग," आई म्हणाली, "शिजवताना हळद घालायची. रंग काळवंडला तर विषारी. आणि किड्याने खाल्लेली असली तर माणसाला चालते. आमच्याकडे असंच बघतात."

मला ते सांगायचं नव्हतं. पण बाई वाट बघत उभी होती, म्हणून सांगितलं. ती मान हलवून म्हणाली, "प्रत्येक देशातल्या आज्या मला असंच काहीतरी सांगतात. कुणी चांदीचं नाणं टाकतं, कुणी लसूण. यातलं काहीही खरं नाही. गोगलगाई डेथ कॅप आवडीने खातात आणि मजेत राहतात." सगळे हसले. चांगल्या मनानेच हसले. आईही हसली, कारण सगळे हसत होते. तिच्या हसण्याने माझ्या कानशिलांत रक्त चढलं. आपण आपल्या आईची लाज बाळगतोय हे कळत होतं, तरी वळत नव्हतं.

पाइनच्या रानात मात्र बरं वाटलं. सुयांच्या गादीत केशरी टोप्या होत्या, कापल्या की केशरी चीक येणाऱ्या. इथे चूक व्हायला फारशी जागा नाही, असं बाई म्हणाली. आईला त्या कुणाच्याही आधी दिसायच्या. ती बोट दाखवायची नाही, बोलायची नाही, गुपचूप जाऊन उकिडवी बसायची आणि दोन बोटं मातीत खुपसून मशरूम बुडापासून उपटून काढायची. आमची टोपली सर्वांत आधी भरली. एका माणसाने तिच्याकडे बघून अंगठा वर करून "हेप्स!" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. "भरपूर मिळाली म्हणतोय," मी सांगितलं. तिचं तोंड एवढं फुललं की मला वाटलं, चला, पैसे वसूल.

परतताना कुंपणाशी ती मागे राहिली. वळून बघतो तर ओकच्या झाडांपासून दहा-बारा पावलांवर गवतात ती बसलेली, आणि समोर पांढरीशुभ्र मशरूम. तिचा हात पुढे गेलेला.

"आई!" मी ओरडलो. "हात लावू नकोस म्हणून सांगितलं ना? तुला काय कळतंय इथलं!"

मराठी कुणालाच येत नव्हतं, पण सूर कळायला भाषा लागत नाही. सातही जण थांबले, बाईसुद्धा. आई उठली, जाकिटाला हात पुसले आणि खाली बघत चालायला लागली. "तसं नव्हतं रे म्हणायचं," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चल लवकर."

गाड्यांपाशी बाईने प्रत्येकाची टोपली कागदावर ओतून एकेक मशरूम उलटंपालटं करून बघितलं. आमच्यातलं एकही बाहेर काढलं नाही. मी माझ्या कामाची पद्धत तिला सांगत बसलो, दोन तपासनीस भेटले की दुसरं काय होणार! त्या वेळात आई बाथरूमला जाते म्हणून गेली. बराच वेळ लागला तिला. तपासून मिळालेली टोपली मी डिकीत ठेवली आणि आम्ही निघालो. वाटेत ती सारखी खिडकीबाहेर बघत होती.

घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. कारखान्यातून फोन आला म्हणून मी लॅपटॉप उघडून बसलो. आतून कांदा परतल्याचा वास आला, मग नारळाचा. मला हायसं वाटलं. राग गेला असणार, म्हटलं. सव्वादोनला तिने हाक मारली.

तांदळाची भाकरी आणि अळंबीची भाजी. वरून ओलं खोबरं, हळदीने सगळं पिवळं झालेलं. ओट्यावर एक छोटा डबा झाकून ठेवला होता. "हा हिच्यासाठी काढून ठेवलाय. मॅचवरून भुकेली येईल," आई म्हणाली. 'ही' म्हणजे माझी मुलगी.

"तू बस ना."

"तू जेव. मी मागून बसते."

आई स्वयंपाक करताना चव घेत नाही, देवाला दाखवायच्या आधी तर नाहीच. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय ती जेवत नाही. यावरून माझी बायको आणि मी तिच्याशी किती वेळा भांडलोय. त्या दिवशी भांडलो नाही. भाजी फार सुंदर झाली होती. मी दुसऱ्यांदा घेतली. "आई, एक नंबर," मी म्हणालो, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हात धुतले आणि गॅरेजमध्ये गेलो. आईचं जाकीट गाडीत राहिलं होतं. ते घेतलं आणि सहज डिकी उघडली.

टोपली तिथेच होती. बाईने वर पसरलेला कागदही तसाच. खाली सगळी केशरी मशरूम, एकही कमी नाही.

मग मी खाल्लं काय?

त्या अर्ध्या मिनिटात मी डिकी धरून उभा होतो, एवढंच आठवतं. पोटात गोळा आला म्हणतात तसं नव्हतं. पोटात ती भाजी होती, आणि ती मला जागच्या जागी कळत होती.

स्वयंपाकघरात आई नळाखाली तवा धरून उभी होती. "भाजीत कुठली मशरूम घातलीस?"

"गवतातली," ती म्हणाली. "तू त्या बाईंशी बोलत होतास तेव्हा आणली. अळमीसारखीच आहेत रे अगदी. तुला चकित करावं म्हटलं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "हळद घातली होती. रंग नाही बदलला."

"मी नको म्हणालो होतो!"

"तू नको म्हणालास. का नको ते नाही सांगितलंस."

"विषारी असतात म्हणून! माणूस मरतो, आई! आज काही होत नाही, उद्याही बरं वाटतं, आणि परवा मरतो! ती बाई दहा मिनिटं हेच सांगत होती!"

तिने नळ बंद केला. एवढंच तिने केलं. "आणि तू खाल्लीस," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन विषबाधेच्या मदतीचा नंबर लावला. पलीकडचा आवाज शांत होता. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणखी कुणी खाल्लं का? मी म्हणालो, नाही, फक्त मी. उरलेली भाजी, सालं, देठ, जे असेल ते कागदी पिशवीत घाला आणि लगेच इस्पितळात जा, उलटी होण्याची वाट बघू नका. लगोलग मी त्या वाट दाखवणाऱ्या बाईला फोन केला, तिचा नंबर बुकिंगच्या मेसेजमध्ये होता. ती एवढंच म्हणाली, "फोटोवरून मी सांगणार नाही. बुडाचे तुकडे इस्पितळात आणा. मी निघते."

उरलेली भाजी घ्यायला मी आत आलो. आई टेबलाशी बसली होती. एरवी ती माझ्या खुर्चीवर कधी बसत नाही. समोर कढई पुसून रिकामी, हातात मुलीसाठी काढून ठेवलेला डबा, आणि ती भाकरीशिवाय, नुसती भाजी, चार बोटांनी खात होती. भुकेल्या माणसासारखी नाही. औषध घेताना घेतात तशी, भराभर.

"आई, काय करतेस!"

मी डबा हिसकावला. तळाशी खोबरं राहिलं होतं. तिने तोंडातला घास चावला, गिळला आणि पदराची सवय असलेल्या बाया करतात तसं ओढणीने तोंड पुसलं.

"चल," ती म्हणाली. "उशीर नको करूस."

हिरव्या बिनच्या डब्यात देठांची बुडं सापडली. सहा. मातीसकट. मी ती कागदी पिशवीत घातली आणि गाडी काढली. वीस मिनिटांच्या रस्त्यात मी तिच्याशी बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो किंवा ओरडलो असतो, आणि गाडी मीच चालवत होतो. बायकोला फोन करून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "हिच्यासाठी ठेवली होती का?" मी हो म्हणालो.

इमर्जन्सीमध्ये दोघांना शेजारीशेजारी बसवलं, रक्त घेतलं, आणि कोळशाची पूड कालवलेलं काळं पाणी प्यायला दिलं. आईने वास घेतला. "राखुंडी," ती म्हणाली आणि एका दमात प्यायली. माझ्या घशाखाली ते उतरेना.

नर्स फॉर्म भरत होती. माझं झालं. "आणि तुमच्या आई किती वाजता जेवल्या?"

"साधारण तीनला."

"तुमच्यानंतर?"

"हो."

"तेव्हा त्यांना माहीत नव्हतं."

मला खोटं बोलता आलं असतं. "माहीत होतं," मी म्हणालो. "मी सांगितल्यावर खाल्लं."

नर्सचं पेन थांबलं. तिने आईकडे बघितलं. आईला वाटलं आपल्याला काही विचारतायत, म्हणून तिने हसून मान डोलावली. नर्सने काही लिहिलं नाही. तिने आईच्या पायांवर दुसरं पांघरूण घातलं आणि पडदा सरकवून गेली.

डॉक्टर आला, तरुण होता. म्हणाला, तुम्हाला आत्ता बरं वाटतंय याला काही अर्थ नाही. ओळख पटेपर्यंत आपण वाईटच धरून चालू. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, साडेचार वाजले. माझं पोट गुरगुरलं की मी जीव मुठीत धरायचो. आई डोळे मिटून बोटांच्या पेरांवर जप मोजत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एवढा राग मला कुणाचाच कधी आला नव्हता. तिने नियम मोडला, ठीक. पण मरायची शक्यता आहे हे कळल्यावर बसून डबा संपवायचा? मी चुकीचा आहे हे दाखवायला? आपली पारख खरी आहे हे सिद्ध करायला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मनातल्या मनात तिला काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

पाचला बाई आली. गमबूट तसेच. तिने टेबलावर पांढरा कागद पसरला, सहा बुडं ओळीने मांडली, भिंग लावलं आणि प्रत्येक देठ चाकूने उभा चिरला. पिशवीत बुडांबरोबर टोप्यांच्या कडाही आल्या होत्या, त्या तिने बोटावर चुरगळून हुंगल्या. पहिलं, दुसरं, तिसरं. पाचव्याला तिने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. त्या पाचव्याने माझा जीव अर्धा केला.

"बुडाशी पिशवी नाही," ती शेवटी म्हणाली. "सहापैकी एकालाही नाही. गवतात उगवणारी साधी पांढरी जात आहे. विषारी नाही." मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, "पण त्यांना सोडू नका लगेच. रक्त पुन्हा बघा." आणि माझ्याकडे वळली. "आईंना दोन गोष्टी सांग. एक, त्यांनी प्रत्येक मशरूम बुडासकट काढलं. देठ वरच्या वर कापला असता तर मला आज काहीच सांगता आलं नसतं. दोन, त्याच गवतापासून, त्याच दिवशी, दहा पावलांवर डेथ कॅप होतं. त्या वाचल्या ते नशिबाने, पारखीने नाही. दोन्ही सांग. गाळू नकोस."

गाळू नकोस. तिला कसं कळलं कोण जाणे.

मी दोन्ही सांगितलं. तिच्या दहा मिनिटांच्या बोलण्यातलं सकाळी गाळलेलंही सांगितलं, यकृताचं, मधल्या बऱ्या दिवसाचं, गोगलगाईंचं, सगळं. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने बाईपुढे हात जोडले.

दुसरं रक्तही ठीक आलं. सात वाजता आम्हाला सोडलं, उद्या पुन्हा तपासायला या म्हणून. पार्किंगमध्ये गाडीत बसलो. किल्ली लागेना. आईने तिच्याकडचा पट्टा ओढून बसवला. पहिल्या दिवसापासून मी तिला तो असाच ओढायला शिकवत होतो.

"आई," मी म्हणालो, "एवढी खात्री होती तुला?"

"कसली?"

"विषारी नाहीत याची. म्हणून खाल्लीस ना तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी गणित चुकलं की बघायची तशी.

"वेडा आहेस का रे?" ती म्हणाली. "खात्री असती तर नातीचा वाटा मी कशाला खाल्ला असता?"

मी किल्ली लावायचं सोडून दिलं.